नाव घातलेली भांडी

आमच्या स्वयंपाकघरात आता हात लांब केला की भिंतीला लागतो. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण विरारला फुलपाड्यात आम्ही राहायला आलो, त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्या भिंतीचा रंग कोणता आहे हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीपुढे मांडणी, मांडणीवर भांडी, भांड्यांवर भांडी, आणि खाणारी माणसं तीन. नवरा, मी आणि एक मुलगी, जिला भातसुद्धा आवडत नव्हता.

हे वेड माझं होतं. त्यात घरातल्या दुसऱ्या कुणाचा काडीचा दोष नव्हता. काही बायका साड्यांपायी वेड्या होतात, काही सोन्यापायी. त्यांना निदान नटून चारचौघांत मिरवता तरी येतं. मी स्टीलची पातेली, डबे, कळश्या घेत सुटले होते. पातेलं घालून कुणी लग्नाला जात नाही.

सुरुवात कुठून झाली ते सांगायचं तर परळच्या चाळीपर्यंत मागे जावं लागेल. दहा बाय बाराची खोली, तिच्यात सासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. लग्नात मला माहेरून बरीच भांडी आली होती. घाईगर्दीत त्यांवर नावं घालायची राहून गेली. वर्षभरात नणंदेचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी माझी ती कोरी भांडी काढून तिच्या रुखवतात मांडली. मला विचारलं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही मला तेव्हाच कळत होतं. "भांड्यावर कसलं नाव घालायचं? ज्याला लागेल त्याने वापरावं," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या स्वतःच्या एकाही भांड्यावर खरोखरच नाव नव्हतं. पण माझी घागर टेम्पोत चढताना मी मोरीच्या दारातून बघितली आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली, की नाव घातलेलं भांडं कुणी उचलून देत नाही.

पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही फुलपाड्यात फ्लॅट घेतला. सासूबाई साताऱ्याकडे गावी जाऊन राहिल्या. बिल्डरने आमच्या घरात नळ छान बसवले होते, पाणी तेवढं द्यायचं राहिलं होतं. एक दिवसाआड अर्धा तास करंगळीएवढी धार यायची, आणि उन्हाळ्यात टँकर. टँकर आला की ज्याची भांडी जास्त त्याचं पाणी जास्त, असा सरळ कारभार होता. तेव्हा दोन पिंपं, चार हंडे, सहा कळश्या घेतल्या यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आमच्या मजल्यावर सगळ्यांनीच घेतल्या. फरक एवढाच, की बाकीच्या तिथे थांबल्या.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर भांड्यांचं एक दुकान होतं. नवरा सकाळी सातला फोर्टातल्या कचेरीत जायला निघायचा, मुलगी शाळेत जायची, आणि दुपारी दोनच्या सुमारास घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजचा आवाज ऐकू येई. चाळीत मी शांततेसाठी तडफडत होते. इथे ती मिळाली आणि तिचं काय करायचं ते मला कळेना. मग मी चपला घालायचे आणि दुकानात जायचे. तिथले शेठ फडक्याने एकेक पातेलं पुसून माझ्यापुढे ठेवायचे, बोटाने टिचकी मारून जाडी ऐकवायचे. मी नाही नाही म्हणत एक घ्यायचेच. मग ते विचारायचे, "वहिनी, नाव काय घालायचं?"

हा प्रश्न ऐकायला मी एवढी चालत जायचे, असं आता वाटतं. नाव घालायच्या यंत्राची सुई स्टीलवर टेकली की दातांच्या दवाखान्यात येतो तसला आवाज यायचा. इतर गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून बाहेर जाऊन उभी राहायची. मला मात्र त्या आवाजाने बरं वाटायचं. ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव उमटायचं आणि ते भांडं कायमचं माझं व्हायचं. घरी येईपर्यंत पावलं हलकी पडायची. वर्तमानपत्राचा कागद सोडवून भांडं मांडणीवर ठेवलं की ते सुख संपायचं. दुसऱ्या दिवशी भांडं आठवायचंसुद्धा नाही, दुकान मात्र आठवायचं. पैसे घरखर्चातून कसे निघायचे ते सांगत बसत नाही. दुधात पाणी फक्त गवळीच घालतो असं नाही.

एके दिवशी नवऱ्याने मांडणीवरचा मोठा डबा बघितला. दुकानातलं यंत्र बिघडलं होतं म्हणून तो मी तसाच, बिननावाचा आणला होता. "हा नवीन का गं?" त्याने सहज विचारलं. रागावून विचारलं असतं तर मी भांडले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्याने सहज विचारलं म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाईंनी दिला. परवा दादरच्या लग्नात भेटल्या ना, तेव्हा." त्या लग्नाला तो आला नव्हता. आत्या ही त्याच्या वडिलांची बहीण, सगळ्यांत लाडकी. त्याचा चेहरा खुलला. डबा उलटसुलट करून म्हणाला, "पण तिने नाव नाही घातलं? आत्या असं करायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो डबा घेऊन दुकानात गेले आणि त्यावर "आत्याकडून" असं घालून आणलं.

मग काय, रस्ताच मोकळा झाला. तळणीच्या कढईवर "मामीकडून" आलं. पोहे ठेवायच्या डब्यावर "वन्संकडून". इडलीपात्र शेजारच्या काकूंनी दिलं, पाच किलोचं टोप मावशीने. शेठना वाटायचं, या बाईचे नातेवाईक फार प्रेमळ आहेत. पापडी गावच्या आठवडी बाजारातून मी एक पितळी परात आणली, तीसुद्धा दुकानात नेऊन माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या नावावर चढवली, कारण तोवर जिवंत नातेवाईक संपत आले होते.

नवरा माझा सरळ माणूस. कुणी काही दिलं की पोचपावती द्यायची, ही त्याची पद्धत. तो आत्याला, मामीला कार्डं लिहायचा. "डबा पोचला, फार उपयोगी आहे." मी म्हणायचे, "द्या, मी जाता जाता पोस्टात टाकते," आणि जाता जाता फाडून टाकायचे. आत्याच्या मुलीच्या लग्नात त्याने स्वतःची शर्टापँटची खरेदी रद्द करून आहेराला भारी साडी घेतली. "तिने आपल्याला एवढा डबा दिला," म्हणाला. मांडवात आत्याबाईंना त्याच्याशी दोन शब्द बोलायला उसंत नव्हती म्हणून मी वाचले, पण हातातला मठ्ठा मी तसाच खाली ठेवला.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. तांब्याचं तसं नाही.

तो तांब्याचा तांब्या होता, वर फुलपात्र झाकण म्हणून बसणारा, घडणावळ सुरेख. मी तो घेतला तेव्हा सासूबाई गावी होत्या, हातीपायी धड होत्या. त्या दिवशी शेठनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी सांगितलं, "आईकडून घाला." का सांगितलं? माझी भांडी त्यांनी देऊन टाकली होती, तेव्हा एक तरी त्यांच्याकडून परत आल्यासारखं मला करून घ्यायचं होतं, असं आज मी म्हणू शकते. त्या दुपारी मी एवढा विचार केला नव्हता. मला तांब्या हवा होता आणि नाव सोपं होतं, इतकंच.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, गावचा एक माणूस दुपारी येऊन देऊन गेला. त्याने तांब्या हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग उठून तो धुतला, पाण्याने भरला आणि उशाशी ठेवला. आईला कार्ड लिहिणार होता. मग म्हणाला, "नको, शिमग्याला जाणारच आहोत. समोरच बोलतो."

शिमग्याच्या आधी आठ दिवस सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. गावी पोचलो तेव्हा रडणाऱ्या बायकांत बसून मला रडू आलं ते खरं होतं. पण त्याच्या अगोदर, निरोप आल्या क्षणी, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. आता तो त्यांना विचारणार नाही, असं आलं. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला इतक्या वर्षांनीही वाटते.

तेव्हापासून नवरा पाणी प्यायचा तो त्याच तांब्यातून. दर रविवारी सकाळी स्वतः चिंच लावून घासायचा, मला हात लावू द्यायचा नाही. मीही कधी त्यातून पाणी प्याले नाही.

आणि तरी भांडी येतच राहिली. माळा भरला, पलंगाखालची जागा भरली, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली गोणपाटात गुंडाळलेली पातेली जाऊन बसली. तिचे पाय लागून ती वाजायची. कुणाला देऊन टाकावीत म्हटलं, तर सगळ्यांवर नावं. मामीकडून आलेलं पातेलं आहेरात दुसऱ्याला कसं द्यायचं? माझीच युक्ती माझ्या गळ्यात आली होती.

मग एका वर्षी मोठ्या योजनेचं पाणी आमच्या भागात आलं. सकाळ-संध्याकाळ, भरपूर, दुसऱ्या मजल्यावरही धो धो. इमारतीतल्या बायकांनी नळाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. पिंपं गच्चीवर गेली, त्यांत कुणी तुळस लावली, कुणी कढीपत्ता. त्याच आठवड्यात मी दुकानात गेले आणि एक कळशी उचलली. शेठ हसून म्हणाले, "वहिनी, आता तर पाणी आलं. कळशी कशाला?"

बोलायचं म्हणून बोलले ते. मी कळशी घेतलीच, नाव घातलंच, आणि घराकडे चालताना मला भीती वाटली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की पाण्याचे हाल आहेत म्हणून हे सगळं. ते हाल संपले होते. मला कळश्या नको होत्या, त्या घ्यायला जाणं हवं होतं. दुपार रिकामी होती, मी रिकामी होते, आणि शेठनी विचारलेल्या त्या एका प्रश्नापुरती मी कुणीतरी होते. हे मला भर रस्त्यात, कळशी कमरेवर असताना कळलं.

कळलं म्हणून लगेच सुटलं असं मात्र नाही. मी जीवदानीचा डोंगर चढले आणि देवीपुढे हात जोडून म्हटलं, दिवाळीपर्यंत एक भांडं घेणार नाही. मन हलकं झालं. पायऱ्या उतरून पायथ्याशी आले तर एका टपरीवर पितळी समया मांडलेल्या. समई म्हणजे काही भांडं नव्हे, असं देवीला मनातल्या मनात समजावून मी एक घेतली. घरी आल्यावर समईकडे बघून स्वतःचाच असा संताप आला की ती मी डाळीच्या डब्यात दडवून ठेवली. नंतर दोन महिने डाळ काढताना हाताला लागायची.

हे असं चालू असताना आत्याबाई आमच्याकडे आठ दिवस राहायला आल्या. मुंबईत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू नुकताच निघालेला, त्यामुळे त्यांना जरा जास्तच दिसत होतं. त्या येणार म्हटल्यावर मी तो डबा पलंगाखाली सरकवून ठेवला होता. रविवारी सकाळी मी पोळ्या लाटत असताना नवरा तो बाहेर काढून घेऊन आला.

"आत्या, बघ. तू दिलेला डबा. इतकी वर्षं आमचे तांदूळ यातच."

आत्याबाईंनी डबा मांडीवर घेतला. काळा चष्मा कपाळावर चढवून अक्षरं वाचली. मग माझ्याकडे बघितलं. माझी पोळी तव्यावर करपत होती आणि मला ती उलटायचं सुचत नव्हतं.

"जाड आहे की रे चांगला," त्या भाच्याला म्हणाल्या. "मी काय पातळ देते होय?"

नवरा खूश होऊन मासे आणायला बाहेर पडला. दार लागल्याचा आवाज आला तशी आत्याबाईंनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि पानं खुडता खुडता विचारलं, "काय गं, हा डबा मी कधी दिला?"

मी सगळं सांगितलं. मामी, वन्सं, वर्गमैत्रीण, फाडलेली कार्डं, समई, काही ठेवलं नाही. त्यांना माळ्यावरचं दाखवलं, पलंगाखालचं दाखवलं. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला. "डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्याला ताण द्यायचा नाही. आणि तू बघ काय चालवलंयस." त्यांच्या हसण्याने मलाही हसू फुटलं. कित्येक वर्षांत मी त्या भांड्यांच्या मधोमध बसून हसले नव्हते.

मग त्या थांबल्या. "वहिनीच्या नावाचं काही आहे का यात?"

त्यांची वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. मी पलंगाच्या उशाशी ठेवलेला तांब्या दाखवला. आत्याबाईंनी तो उचलला नाही. मेथी बाजूला ठेवली.

"हे त्याला सांग," त्या म्हणाल्या. "बाकीचं नाही सांगितलंस तरी चालेल. डबा मी दिला, हे मी मरेपर्यंत निभावून नेईन, माझं काय जातं. पण वहिनीच्या वतीने मला बोलता येणार नाही. तुलाही येत नाही."

त्या परत गेल्यानंतरच्या रविवारी मी सांगितलं. तो मोरीत बसून तांब्याला चिंच लावत होता. मी दारात उभी राहिले आणि आधी डब्याचं सांगितलं, आत्याबाई तो निभावून नेणार आहेत हेही, कारण ते सोपं होतं. त्याने मान वर करून बघितलं. मग हसायला लागला. "म्हणजे तिच्या मुलीला मी ती साडी फुकटच दिली? अगं, मी तेव्हा दोन वर्षं एकच पँट घालून कचेरीत गेलो." मामीचं ऐकून आणखी हसला. मला वाटलं, सुटले. तिथेच थांबावं असं फार वाटलं. पण आत्याबाईंचं बोलणं कानात होतं.

"अहो," मी म्हटलं, "तो तांब्याही मीच घेतला."

त्याचा हात थोडा वेळ घासतच राहिला. मग थांबला. नळ चालू होता तो त्याने बंद केला.

"आई नाव घालणाऱ्यातली नव्हती," तो खाली बघून म्हणाला. "कधीच नाही. मला वाटायचं, माझ्यासाठी म्हणून तिने एवढं एकदा केलं असेल."

तांब्या धुतला आणि मोरीच्या कट्ट्यावर उपडा ठेवून दिला. मी काय केलं होतं ते मला तेव्हा खरं कळलं. मी त्याच्या आईच्या नावाने एक लाड करून दिला होता आणि आता तो काढून घेतला होता. मी तिथेच बसले आणि रडले. त्याने मला उगी केलं नाही, रागावलाही नाही.

तो आठवडाभर स्टीलच्या साध्या पेल्याने पाणी प्याला. बोलायचा, पण कामापुरतं. तांब्या मोरीत उपडाच होता. आणि गंमत म्हणजे, त्या आठवड्यात दुपारचे दोन वाजायचे, घर गप्प व्हायचं, आणि मला दुकान आठवायचं नाही. मन दुखत होतं. पण लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्याने छातीवरचं ओझं इतकं उतरलं होतं की एका दुपारी मी वर्षानुवर्षांनी गाढ झोपले. मुलीने शाळेतून येऊन बेल वाजवली तेव्हा जाग आली.

आमच्याकडे अर्नाळ्याची एक मासेवाली यायची. पुढच्या रविवारी ती पाटी उतरवून दारात बसली आणि म्हणाली, "बाय, जरा पानी दे. पोरीचं लगीन हाय या महिन्यात. मोठी टोपं मिलतील काय कोनाकडं? वापरून परत देईन."

"माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "ने. परत आणू नको."

तिने संशयाने बघितलं. "फुटकी हायत काय?"

"फुटकी नाहीत. पण त्यांवर नावं आहेत, दुसऱ्यांची."

"नाव कोनाचं पन असंना," ती म्हणाली. "भात शिजतो ना?"

दुपारी तिचा मुलगा टेम्पो घेऊन आला. मी माळ्यावरून भांडी काढून देत होते, नवरा ती दारापर्यंत नेत होता. पहिली दोन-तीन त्याने मुकाट नेली. मग एक पातेलं हातात धरून तो थबकला, आणि लग्नात आहेर पुकारतात तसा आवाज काढून म्हणाला, "मामीकडून, पातेलं एक." मी शिडीवर होते, मला खाली बघवेना. "वन्संकडून, डबा एक. मावशीकडून, टोप एक." मासेवाली हसायला लागली. मुलगी आतून धावत आली आणि तीही पुकारू लागली. शेजारच्या काकू दारात आल्या, तेवढ्यात त्यांच्याच नावाचं इडलीपात्र निघालं. त्या बघतच राहिल्या. मला शिडीवर बसावं लागलं, इतकी मी हसले. बुडत बुडत काठाला लागावं तसं मला झालं होतं.

टेम्पो भरला. स्वयंपाकघराची भिंत दिसली. फिका पिवळा रंग होता, मला पांढरा वाटत होता. आत्याबाईंचा डबा तेवढा नवऱ्याने ठेवून घेतला. "ती निभावून नेणार म्हणालीय ना," म्हणाला. मासेवाली मोरीत हात धुवायला गेली आणि तिथला तांब्या उचलून म्हणाली, "ह्यो पन देता काय?"

"हा नाही," नवरा म्हणाला.

त्याने तो तिच्या हातातून घेतला, चपला पायात सरकवल्या आणि मला म्हणाला, "चल."

दुकानात जायला मी कधी नाही ते मागे मागे चालत होते. शेठनी बघितलं आणि उठून उभे राहिले. "या वहिनी, बऱ्याच दिवसांनी. नवीन माल आलाय." मागच्या फळीवर काचेसारख्या चकचकीत डब्यांची उतरंड होती. हाताला सवय आठवली, नाही असं नाही. मी हात पदरात गुंडाळून उभी राहिले.

नवऱ्याने तांब्या गादीवर ठेवला. "यावर नाव घालायचंय."

शेठनी फिरवून बघितला. "आहे की नाव, माझ्याच हातचं. हे काढू? तांबं आहे, चाकावर घासलं की निघेल."

"काढू नका," नवरा म्हणाला. "त्यावर नुसती एक रेघ मारा. आणि खाली घाला, बायकोकडून."

शेठनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग यंत्र चालू केलं. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी मी तंगडतोड केली, त्या आवाजाने त्या दिवशी माझे दात शिवशिवले. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले. आम्ही घरी निघालो तेव्हा आमच्याजवळ एकच भांडं होतं, आणि तेही आधीपासूनचं.

घरी आल्यावर त्याने तांब्या धुतला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि आधी माझ्यापुढे केला. त्यातून मी पहिल्यांदाच पाणी प्याले.